निळ्या कागदाचे नाना

तेव्हा घरात कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. माझी सासू, तिला सगळे जिजी म्हणायचे. माझे मालक. माझ्या दोन पोरी, एक रांगती आणि एक चालती. गोठ्यात चंद्री म्हैस. आणि ओट्यावर, बाजेवर, नाना. नाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, माझे चुलत सासरे. सासरे तर मी लग्न होऊन यायच्या आधीच वारलेले. गाव आमचं भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. मी दुसरी शिकलेली बाई, साल मला नेमकं सांगता यायचं नाही.

तर नाना. आंबटाला एवढा भिणारा माणूस मी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नाही. सापाला भ्यायचे नाहीत, नदीच्या पुराला भ्यायचे नाहीत, फौजदारासमोर टोपी न काढता उभे राहायचे. पण समोरून कोणी चिंचेचं बोटुक चोखत आलं, की नाना रस्ता सोडून बांधावर चढायचे. त्यांचं म्हणणं एकच. माणसाच्या अंगात आंबट साचतं, त्यालाच रोग म्हणतात. खोकला म्हणजे आंबट, गुडघा दुखला म्हणजे आंबट, दोन भाऊ वाटणीवरून भांडले तरी ते अंगातलं आंबटच बोलतं. त्याच्यावर औषध एकच, खार. पापडात घालतो तो खार. भाजीपाल्यात तो असतो, फळात असतो, आणि केळीच्या खांबाच्या राखेत तर खच्चून असतो म्हणायचे. "इंग्रज गया," ते पारावर बसून सांगायचे, "आते आंबट जावाले पाहिजे. मंग खरं राज आपलं."

हे त्यांच्या डोक्यात आलं कुठून? नाना धुळ्याला एका मोठ्या शाळेत शिपाई होते. बाटल्या असतात, दिवे असतात, गुरुजी मुलांना पाण्याचा रंग बदलून दाखवतात, त्या खोलीतले शिपाई. पंचवीस वर्षं त्यांनी त्या बाटल्या पुसल्या. नोकरी संपली तेव्हा तिथल्या गुरुजींनी त्यांना एक पत्र्याची डबी दिली. डबीत जांभळट कागदाच्या पट्ट्या, बोटाच्या नखाएवढ्या रुंद. आंबटात बुडवली की लाल, खारात बुडवली की निळी. बाकीचे लोक नोकरीवरून येताना भांडं आणतात, धोतरजोडी आणतात. आमचे नाना ही डबी घेऊन आले. बायको त्यांची आधीच गेलेली, एक लेक विमलअक्का, ती शिंदखेड्याला दिलेली. म्हणून आमच्याकडे राहायला आले. डबी जानव्याला बांधलेल्या किल्लीसारखी कायम अंगावर. ती लोकांनी किती वेळा बघितली असेल! विहिरीचं पाणी, गिरणेचं पाणी, न्हाव्याच्या वाटीतलं पाणी, देवळातलं तीर्थ, सगळ्यात पट्टी बुडवून झाली.

एकदा पाचोऱ्याकडे लग्नाला गेले. पंगत बसली, वाढपी दाळ वाढून पुढे गेला, आणि नानांनी कनवटीची डबी काढून दाळीत पट्टी बुडवली. मुलीचा बाप तिथेच उभा. तो लालबुंद. "काय हो पाव्हनं, आमनी दाळमा विष शे का?"

नाना शांतपणे म्हणाले, "विष नही, आंबट शे. विष परवडनं."

पंगतीतून उठवले. नाना उपाशी परत आले, पण चेहरा असा, की जसं काही पंगतीतल्या सगळ्या माणसांचा जीव वाचवून आलेत.

आता माझा घोटाळा कुठे झाला ते सांगते. एक दिवस त्यांनी पारावर सगळ्यांसमोर लिंबू कापलं आणि त्यात पट्टी बुडवली. लाल भडक झाली. लोक म्हणाले, बरोबर, आंबट. तर नाना म्हणाले, चूक. लिंबू बाहेर आंबट, पोटात गेलं की त्याचा खार होतो. आणि तुरीची दाळ? ती जिभेला आंबट लागत नाही, पण पोटात गेली की आंबट होते. भाकरी? आंबट. दूध? ते दिवसावर आहे. पार आमच्या घरासमोरच, मी ओट्याच्या आतून ऐकत होते. मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. नंतर जिजीला विचारलं, तर जिजी म्हणाली, "तुले काय करनं शे? भाकर थाप." मी थापली. पण ते डोक्यातून गेलं नाही ते आजपर्यंत. आंबट आहे ते आंबट नाही आणि आंबट नाही ते आंबट आहे, हे माणसाने पोटात कसं बघितलं?

नानांना विचारायची सोय नव्हती. आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. पदर डोक्यावर, नजर खाली, आणि सांगायचं असेल ते दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने सांगायचं. पोरी माझ्या लहान, त्यांना निरोप कळायचा नाही. म्हणून मी चंद्रीला सांगायचे. गोठा आणि ओटा यांच्यामध्ये कुडाची भिंत. मी धार काढता काढता म्हणायचे, "चंद्री, त्यासले सांग, भाकर गार व्हई राहिनी." भिंतीपलीकडून नाना म्हणायचे, "चंद्री, तुनी मालकीणले सांग, भाकर माले नको. ती तू खाई ले." असं आमचं चार वर्षं चाललं. मला तर वाटतं, त्या म्हशीला आमच्या दोघांपेक्षा जास्त कळत असेल. नाना तिला फार मानायचे. त्याला कारण होतं. चंद्रीच्या मुतात त्यांनी एकदा पट्टी बुडवली होती, ती अशी निळी झाली की जशी जांभळाच्या दिवसात पोरांची जीभ. "देखा," ते म्हणायचे, "निस्तं गवत खास. कधी डॉक्टरकडे गयी का? कधी पोट दुखं म्हने का?" आता म्हैस कशी म्हणेल?

हे सगळं हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. पण त्या साली पाऊस मधूनच तुटला, कापूस गुडघ्याएवढाच राहिला, आणि मालकांचं पोट दुखायला लागलं. साधं नाही. जेवलं की तासाभराने आग पडायची, माणूस गुडघे पोटाशी घेऊन पडायचा. होळीपर्यंत भडगावच्या वैद्याच्या पुड्या झाल्या, गुण नाही. दोन वर्षांपूर्वी माझा एक मुलगा गेला होता, सहा महिन्यांचा. त्याच्यामुळे मी आधीच घाबरलेली. मालक गेले तर दोन पोरी आणि जिजी घेऊन मी कोणाच्या दारात उभी राहू, एवढंच माझ्या मनात. नाना मालकांना दगडू म्हणायचे. ते म्हणाले, "दगडूले मना हातमा द्या. दोन महिनामा निळा करी देस." जिजीने हो म्हटलं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.

तंबाखू बंद. मिरचीचा ठेचा बंद. चहा बंद. दाळ बंद, भाकरी बंद. सकाळी केळीच्या गाभ्याचा रस, दुपारी उकडलेला दुधी, गिलकं, पालक, मेथी कच्ची, संध्याकाळी दोन केळी आणि अर्धं लिंबू. आणि अर्धी वाटी राखेचं पाणी. केळीचा खांब वाळवून जाळायचा, राख पाण्यात कालवून गाळायची. पापडाच्या दिवसांत आम्ही बाया तेच पाणी पिठात घालतो, म्हणून मला ते ओळखीचं. घराची भाकरी उरायला लागली ती चंद्रीच्या पुढे जायची. शेजारची गोदामाय कुडावरून डोकवायची आणि म्हणायची, "बई, तुमना घरमा मानसं चरतस आनि म्हैस जेवस."

खरं ते सांगितलं पाहिजे. पहिल्या महिन्यात दुखणं कमी झालं. आग पडायची थांबली. माणूस झोपायला लागला. नानांनी गावभर सांगितलं. मला वाटलं, असेल बाई, नानांचं खरं असेल. पण दुसऱ्या महिन्यात मालकांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. विहिरीवर मोट धरायला गेले तर चक्कर येऊन बसले. त्यांची कामं मी करायची. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची, येऊन घरचं. जिजी म्हणायची, "व माय, मना पोऱ्या वाळी गया." मालक मी भाकरी थापायला बसले की चुलीजवळ येऊन बसायचे, हात शेकायला. वैशाखात हात शेकायला.

भाकरी कधी मिळणार, तर कागद निळा झाल्यावर. नानांनी गोठ्यात एक फळी ठोकली होती, तिच्यावर दोन मातीची बोळकी. चुन्याची एक रेघ मारलेलं नानांचं, दोन रेघांचं मालकांचं. पहाटेचं पहिलं पाणी त्यात करायचं, मग नाना आंघोळ करून यायचे आणि पट्टी बुडवायचे. सलग सात दिवस निळी झाली की एक भाकरी आणि वरण, असा त्यांचा कायदा. मालकांची एक दिवस निळसर यायची, दोन दिवस तांबूस. सात काही भरायचे नाहीत. नाना मान हलवायचे. "आत जुनं आंबट शे. बापना वखतनं."

मी ठरवून काही केलं नाही. एका सकाळी धार काढायला बसले होते, समोर फळीवर बोळकं, आणि चंद्रीने शेपूट वर केलं. माझा हात आपोआप गेला. मालकांचं होतं ते उकिरड्यावर ओतलं आणि बोळकं चंद्रीखाली धरलं. पुन्हा फळीवर ठेवलं आणि धार काढायला लागले. चंद्रीने मागे वळून बघितलं.

नाना आले. पट्टी बुडवली. आणि ओरडले ते समोरच्या आळीला ऐकू गेलं. "देखा! देखा! म्हैससारखा निळा!"

सात दिवस मी तेच केलं. सातव्या दिवशी मालकांनी भाकरी खाल्ली. एक खाल्ली, मग तवा उतरवायच्या आत दुसरी. नाना समोर बसून बघत होते, डोळ्यांत पाणी. मग मी तसंच चालू ठेवलं. भाकरी वाढली, वरण आलं, मालकांचा चेहरा भरला, नांगरणीला माणूस उभा राहिला. तंबाखू मात्र सुटली ती कायमची, ठेचाही. दुखणं परत आलं नाही. आता ते पाल्याने गेलं, तंबाखू सुटल्याने गेलं, का भाकरीने गेलं, मला सांगा. मला ठरवता येत नाही. पाला खाल्ला तेव्हा दुखायचं थांबलं, भाकरी खाल्ली तेव्हा जीव आला. दोन्ही मी डोळ्यांनी बघितलंय.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली नाही. फळीवर बोळकी दोन होती. मालकांचा कागद रोज म्हशीसारखा निळा, आणि नानांचा आपला माणसासारखा, फिकट. नाना दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून बघायचे. एवढी वर्षं तप केलेला माणूस, आणि दोन महिन्यांत पुतण्या पुढे गेला! "चंद्री," एक दिवस भिंतीपलीकडून आवाज आला, "दगडू अर्धी वाटीवर एवढा निळा व्हयना. मी काय पाप करेल शे?" मी धार काढत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून नानांनी आपलं राखेचं पाणी अर्ध्या वाटीचं एक वाटी केलं. मग दोन. मग सकाळ-संध्याकाळ. त्यांचा कागद निळा व्हायला लागला, चांगला गडद. नाना खूश. पण अन्न पोटात ठरेना. पायांवर सूज आली, बोट दाबलं तर खड्डा तसाच. हाताची बोटं आपोआप उडायची, वाटी धरता येईना. दिवसा बोलता बोलता धुळ्याच्या शाळेतल्या कोणाला तरी हाका मारायचे, बाटल्या आत ठेव म्हणायचे. जिजी म्हणाली, "नाना, धुयाले चाला, डॉक्टरले दाखाडू." नाना म्हणाले, "वहिनी, कागद निळा शे. कागद निळा शे तोवर माले काही व्हत नही. ज्या दिन लाल व्हई, त्या दिन मी सोता चालत जासू."

त्यांना त्या वाटेवर मीच लावलं होतं. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि चंद्रीला. मालकांचा कागद खोटा होता असं सांगावं, तर सुनेने सासऱ्यासमोर उभं राहून ते कसं सांगायचं? आणि कसलं पाणी बोळक्यात भरलं ते? तोंडातून शब्द कसा निघायचा? आणि सांगून उपयोग काय, त्यांचा स्वतःचा कागद तर खरोखर निळा होता. माणूस मरायला टेकला आणि कागद निळा. मला तर काहीच कळेना. मग मला त्यांचंच बोलणं आठवलं. लाल होईल त्या दिवशी जाईन.

मी एक रेघ मारलेलं बोळकं घेतलं आणि दिवसभर लिंबाच्या रसात भिजत घातलं. सात लिंबं पिळली. माती रस पिते. संध्याकाळी फळीवर ठेवताना बुडाला बोटभर रस तसाच ठेवला. नानांची नजर तेव्हा अधू झालेली, गोठ्यात उजेड कमी.

सकाळी मी धारेलाच बसले होते. नाना भिंत धरत आले. पट्टी बुडवली. उजेडात नेली. मग दुसरी काढली, ती बुडवली. मग तिसरी. कधी एका दिवशी तीन पट्ट्या खर्चल्या नव्हत्या त्यांनी. तिन्ही लाल. गोदामायच्या कपाळावरच्या कुंकवासारख्या. नाना तिथेच शेणाच्या पाटीवर बसले. मी धार थांबवली नाही, चरवी भरून सांडायला लागली तरी.

मग ते म्हणाले, "चंद्री, दगडूले सांग, गाडी जुंप."

भडगावपर्यंत बैलगाडी, तिथून मोटारीने धुळे. डॉक्टरने त्यांना ठेवून घेतलं. मालक बरोबर होते, त्यांनी येऊन सांगितलं. डॉक्टर म्हणाला, राखेचं पाणी बंद, अजून आठ दिवस उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता. नानांनी त्याला आपली डबी दाखवली. डॉक्टर चांगला होता, हसला नाही. म्हणाला, "भाजीपाला खा, फळं खा, चांगलंच आहे. पण बाबा, रक्त आपलं आपल्याला सांभाळून घेतं. हा कागद मुताचा रंग सांगतो, माणसाचा नाही सांगत."

जीव वाचला. सूज उतरली. नाना घरी आले. पण आले ते दुसरेच कोणीतरी. ओट्यावर बसायचे, पण पारावर जायचे नाहीत. कोणी विचारलं तर सांगायचे, "मनंच आंग आंबी गयं. लोकेसले काय सांगू?" गावातली माणसं मग हसायची. जो उठे तो म्हणे, जगाचं आंबट काढायला निघाले आणि स्वतःच नासले. डबी त्यांनी कनवटीतून काढून फळीवर ठेवली, ती परत उचलली नाही. एक दिवस जिजीने कढी केली होती. मी चुकून त्यांच्या ताटात वाढली, मग हात आखडला. नानांनी वाटी उचलली आणि प्याले. वाटी पुढे केली, आणखी मागितली. मी वाढली. त्या माणसाने कढी मागितली आणि मी वाढली, याच्याइतकं वाईट मला पोर गेलं तेव्हा सोडून कधी वाटलं नाही. का वाटलं तेही सांगता येत नाही. मीच तर वाचवलं होतं त्यांना.

मी ठरवलं, सांगायचं. चंद्रीलाच सांगायचं, दुसरा रस्ता नव्हता. दुपारची वेळ होती. मी गोठ्यात गेले, पदर नीट घेतला, आणि एकदाचं बोलून टाकलं. "चंद्री, त्यासले सांग, त्यासना कागद लाल नही व्हयेल. ते लिंबूनं पानी व्हतं. मीच भरं. आनि मालकना कागद बी खोटा, तो तुना व्हता. त्यासनं काही चुकनं नही." एका दमात बोलले. मग वाट बघितली. भिंतीपलीकडून काही नाही. खोकला नाही, बाजेची कुरकुर नाही. मी थोड्या वेळाने बाहेर आले तर बाज रिकामी. जिजी दारात उभी. विमलअक्का गाडी घेऊन आली होती, बापाला शिंदखेड्याला घेऊन गेली. मी नदीवर धुणं धुवायला गेले होते तेवढ्यात. जिजी म्हणाली, जाताना गोठ्याकडे तोंड करून काहीतरी बोलले, जिजीला ऐकू आलं नाही. काय बोलले असतील? चंद्रीला विचारून काय उपयोग!

पुढच्या थंडीत नाना तिकडेच गेले, म्हातारपणाने. अक्का कार्याला आली तेव्हा रडत म्हणाली, शेवटपर्यंत म्हणत होते, माझंच आंग मला फसवून गेलं. मी तेव्हाही बोलले नाही. पाच-पन्नास माणसं बसलेली, मी पदरात तोंड घालून बसले. नंतर अक्काचं येणं तुटलं. जिजी गेली, मालक गेले, चांगले म्हातारे होऊन गेले, पोटाने नाही गेले. चंद्री तर केव्हाच गेली. डबी आहे माझ्याकडे. पट्ट्या फिक्या झाल्यात, आता त्या कशातही बुडवल्या तरी काही सांगत नाहीत. मी लिंबू खाते रोज अर्धं. ते पोटात जाऊन आंबट होतं का खार, मला अजून माहीत नाही.

चंद्री नाही म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी शिंदखेड्याकडे जाणार असेल, तर विमलअक्काचं घर विचारा. अक्का नसेल तर तिच्या लेकरांना सांगा. एवढंच सांगा, की तुमच्या आजोबांचा कागद निळा होता. लाल मी केला होता.